'फायरवॉच' : खेळण्याआधी आणि खेळून झाल्यावर पडणारे प्रश्न

हा व्हिडिओ गेम मी तीनदा पूर्ण केलाय. कुणाला सुचवला की आठवड्याभरात फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक ठरलेलेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. गोष्ट फुटेल असे प्रश्न शेवटी आहेत आणि तिथे आधी तसं सांगितलंय. ज्यांनी अजून खेळलेला नाही त्यांनी तिथून मागे फिरावं.

हा गेम आहे तरी काय?

१९८९ चा उन्हाळा. अमेरिकेतलं वायोमिंग राज्य, शोशोनी राष्ट्रीय वन. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला हेन्री एका उंच लाकडी मनोऱ्यावर उन्हाळाभराची नोकरी धरतो. काम एवढंच की जंगलावर नजर ठेवायची आणि कुठे धूर दिसला तर कळवायचं. त्याच्या मनोऱ्याचं नाव टू फोर्क्स. लांबच्या डोंगरावर एक दिवा मिणमिणतो, तो थोरोफेअर मनोरा. तिथे त्याची वरिष्ठ डिलायला बसते. दोघांमध्ये फक्त वॉकी-टॉकी.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅम्पो सँटो या लहानशा कंपनीचा हा पहिलाच गेम. तो ९ फेब्रुवारी २०१६ ला आला. २०१७ च्या ब्रिटनमधल्या बाफ्टा पुरस्कारांत त्याला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, आणि डिलायलाचा आवाज देणाऱ्या सिसी जोन्सला अभिनयाचा. पडद्यावर एकदाही धड न दिसणाऱ्या बाईला अभिनयाचं बक्षीस! गेम खेळलेल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटणार नाही.

म्हणजे नुसतं चालायचंच?

हो, नुसतं चालायचं. अशा गेमना 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणतात. सुरुवातीला तो शब्द टोमणा म्हणूनच वापरात आला, आता लोक सरळ प्रकाराचं नाव म्हणून वापरतात. बंदूक नाही, शत्रू नाही, गुण नाहीत, चुकून मेलात म्हणून पुन्हा सुरुवात वगैरे भानगड नाही. दोर बांधून घसरड्या उतारावरून खाली यायचं, कुऱ्हाडीने झुडपं तोडून वाट करायची, कड्यावर हातांनी चढायचं. वाटेत पिवळट पत्र्याच्या पेट्या लागतात, त्यात जुन्या चिठ्ठ्या आणि बारीकसारीक सामान असतं. सगळ्या पेट्यांच्या कुलपाचा आकडा एकच, १२३४. सरकारी खात्याचा कारभार जगाच्या पाठीवर कुठेही सारखाच, हे तेव्हा पटतं.

ज्यांना दर दहा मिनिटांनी काहीतरी फुटायला हवं असतं त्यांनी हा गेम घेऊ नये. हे मी तुसडेपणाने म्हणत नाही. माझ्या भावाने पाऊण तास खेळून 'यात काही होतच नाही' म्हणून लॅपटॉप मिटला. त्याच्या परीने तो बरोबरच होता.

मग लोकांना एवढं आवडतं काय?

बोलणं. माझ्या मते अख्खा गेम त्या वॉकी-टॉकीवर उभा आहे, जंगलावर नव्हे.

रस्त्यात काहीही दिसलं, एखादं पडकं झाड किंवा कुणीतरी टाकलेले बिअरचे डबे, की रेडिओ उचलून डिलायलाला सांगता येतं. ती काही बोलली की पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात आणि त्यांच्याखाली वेळेची पट्टी सरकत असते. पट्टी संपेपर्यंत काहीच निवडलं नाही, तर ते मौनसुद्धा उत्तर धरलं जातं. आणि डिलायला ते मनात ठेवते.

पहिल्या खेपेला मी एका उतारावर दोर शोधत होते, तेवढ्यात तिने हेन्रीच्या बायकोबद्दल विचारलं. माझं लक्ष दोरात. पट्टी संपली. पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग ती जरा अवघडून दुसरंच काही बोलू लागली. मला खरोखर ओशाळल्यासारखं झालं. कुणाचा फोन आलेला असताना आपण दुसरीकडेच बघत 'हं, हं' करत राहावं आणि समोरच्याच्या ते लक्षात यावं, अगदी तसं. आजवर कुठल्या गेममध्ये गोळी लागूनही मला एवढं लागलं नव्हतं.

हेन्रीचा आवाज रिच सॉमरचा. दोघंही एकमेकांचं वाक्य तोडतात, फालतू विनोद करतात, पिऊन बरळतात. लिहिलेले संवाद वाचून दाखवल्यासारखं कुठेच वाटत नाही.

माझ्या उत्तरांनी शेवट बदलतो का?

नाही. बोलण्याचा सूर बदलतो, डिलायलाला तुमच्याबद्दल काय ठाऊक आहे ते बदलतं, एखाद्या वणव्याला नाव कोणतं पडलं ते बदलतं. घटना त्याच राहतात. 'मग निवडायला दिलंच कशाला' अशी तक्रार खूपजण करतात. मला ती पटत नाही. जुन्या मैत्रिणीशी बोलतानाही आपण पुढे काय घडणार ते ठरवत नसतो, तरी काय बोललो याला महत्त्व असतंच की.

सुरुवातीला पडद्यावर नुसती वाक्यं येतात. गेम बिघडलाय का?

नाही हो, बिघडलेला नाही. ती सुरुवातच तशी आहे. १९७५ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावातल्या एका बारमध्ये हेन्रीला ज्युलिया भेटते, तिथून सुरुवात होते. तुम्ही तिच्याशी काय बोलायचं, कुत्रा कोणता पाळायचा असल्या बारीक गोष्टी निवडता. मधूनमधून हेन्री पाठीवर पिशवी घेऊन मनोऱ्याकडे चढताना दिसतो, पुन्हा वाक्यं, पुन्हा चढण. काळी पाटी आणि पांढरी अक्षरं, बाकी काही नाही.

मग कळतं की ज्युलियाला ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश होतो.

इथे थोडं सावध करते. ज्यांच्या घरी हा आजार झालाय त्यांना ही पहिली दहा मिनिटं जड जातील. काही अंगावर येईल असं दाखवलेलं नाही, पण 'काळजी घ्यायला तू घरी थांबशील की तिला संस्थेत ठेवशील' हे तुम्हालाच निवडायला लावतात, आणि दोन्ही उत्तरं वाईटच असतात. हेन्री त्या मनोऱ्यावर आलाय तो जंगलाच्या ओढीने नव्हे. घरातून पळून आलाय. हे पहिल्या दहा मिनिटांत डोक्यात पक्कं बसलं, तर पुढचा गेम वेगळाच दिसतो. नाहीतर तो नुसती रहस्यकथा वाटतो आणि मग शेवटी चिडचिड होते.

मी सारखी वाट चुकते. काय करू?

वाट चुका! गंमत त्यातच आहे. पडद्याच्या कोपऱ्यात फिरणारा छोटा नकाशा इथे नाही. एका हातात कागदी नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र. चालताना दोन्ही उघडे ठेवता येतात, मग समोरचं जंगल अर्धं झाकलं जातं. नकाशावर तुमची जागा दाखवणारी खूण असते, पण सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करता येते. दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा नक्की बंद करा.

सह्याद्रीत मळलेली वाट सोडून एकदा तरी भरकटलेल्या माणसाला हे पटकन जमतं. धार ओळखायची, ओढा कुठल्या हाताला आहे ते बघायचं, मागे वळून येताना वाट कशी दिसेल ते ध्यानात ठेवायचं. ती खूण बंद केल्यावर थंडर कॅन्यनपासून जोन्झी तलावापर्यंत जायला मला तिप्पट वेळ लागला. पण ती वाट आजही डोळे मिटून सांगेन.

जंगल खरं आहे का?

शोशोनी राष्ट्रीय वन खरं आहे, यलोस्टोन उद्यानाला पूर्वेकडून लागूनच. थोरोफेअर हे नावही त्याच मुलखातलं, अलास्का सोडून अमेरिकेतल्या सर्वांत दुर्गम भागांपैकी एक. टू फोर्क्स आणि गेमचा नकाशा मात्र कल्पनेतला.

१९८९ हे साल उगीच निवडलेलं नाही. आदल्याच उन्हाळ्यात, १९८८ मध्ये, यलोस्टोनमध्ये न भूतो असे वणवे पेटले होते. उद्यानाच्या हद्दीतली सुमारे ७ लाख ९३ हजार एकर जमीन त्यांनी व्यापली, म्हणजे एकूण क्षेत्राच्या ३६ टक्के. विजेने लागलेली आग माणसाला धोका नसेल तर जळू द्यायची, असं धोरण तिथे १९७२ पासून होतं. त्या वर्षी कोरड्या हवेने आणि वाऱ्याने ते अंगाशी आलं. हजारो माणसं राबली, पण वणव्यांचा जोर खरा मोडला तो ११ सप्टेंबरच्या सुमाराला बर्फ पडल्यावर. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात मनोऱ्यावर बसलेल्या माणसाला क्षितिजावर धुराची एक रेघ दिसणं म्हणजे काय, ते यावरून ध्यानात येईल. गंमत म्हणजे तिथल्या लॉजपोल पाइनची कित्येक शंकुफळं राळेने घट्ट मिटलेली असतात, आगीच्या धगीने राळ वितळली की मगच बी सुटतं.

मनोऱ्याच्या मधोमध टेबलावर एक गोल उपकरण दिसतं, तेही खरं. ऑसबॉर्न फायर फाइंडर. गोल नकाशा, त्याच्याभोवती फिरणारी कडी, एका बाजूला बारीक भोक आणि समोर ताणलेला केस. भोकातून बघत केस धुरावर आणायचा आणि कडीवरचा कोन वाचायचा. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तसाच कोन घेतला की नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. १९१० साली आयडाहो, मोंटाना, वॉशिंग्टन या भागांत अवघ्या दोन दिवसांत तीसेक लाख एकर जंगल जळालं, त्यानंतर अमेरिकेच्या वनखात्याने असे मनोरे झपाट्याने उभारले. पुढे विमानं आली, कॅमेरे आले, आणि बहुतेक मनोरे ओस पडले.

आपल्याकडे वणवा म्हटलं की फेब्रुवारी ते मे. कोकणातल्या, घाटातल्या सुक्या गवताचे डोंगर रात्री माळेसारखे पेटलेले दिसतात. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तो हाताबाहेर जातो. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत आधीच जाळून पट्टे मोकळे करतं. म्हणजे विषय आपल्याला परका नाही, फक्त आपल्या वणव्यावर कुणी गेम केलेला मी तरी पाहिलेला नाही.

दिसायला इतका सुंदर कसा काय?

ऑली मॉस हा मूळचा पोस्टर करणारा चित्रकार. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची जी सपाट रंगांची पोस्टरं निघाली, तो धागा त्याने धरला. जेन एनजी या कलाकार बाईंनी ती सपाट चित्रं चालता येईल अशा जंगलात उतरवली. युक्ती धुक्याची आहे. जवळचं झाड गडद, त्यामागची रांग जरा फिकट, त्यामागची आणखी फिकट, आणि प्रत्येक थराला वेळेनुसार निराळा रंग. सकाळी निळसर, दुपारी पिवळं, संध्याकाळी केशरी. शेवटी शेवटी धुरामुळे अख्खं आकाश तांबूस होतं. पान न पान रेखलेलं नसूनही डोळ्यांना ते खरं वाटतं. क्रिस रेमोचं संगीत फार वेळा वाजतही नाही. बराच वेळ फक्त वारा आणि बुटांचा आवाज.

भीतिदायक आहे का? रात्री एकटीने खेळू?

भूत नाही. पण मधल्या भागात एका संध्याकाळी मनोऱ्याकडे परतताना माझे हात गार पडले होते, हे कबूल करते. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे ही भीती या गेमला फार चांगली जमलीय. खेळाच की एकटीने.

किती वेळ लागतो? माझ्या लॅपटॉपवर चालेल? मराठी सबटायटल आहेत का?

चार ते पाच तास. जुन्या विंडोज लॅपटॉपवरही चालतो, ६ जीबी रॅम आणि बेताचं का होईना पण ग्राफिक्स कार्ड लागतं. माझ्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा, दर्जा कमी केल्यावर निभावलं. पीएस४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विचवरही आहे. मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत. इंग्रजी सबटायटल मात्र सुरू ठेवा, बोलणं भराभर असतं. सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो, घाई करू नका.

घरातली मुलं खेळली तर चालेल?

नको. हिंसा नाही, पण शिव्या भरपूर, दारू भरपूर, आणि विषय मोठ्यांचा. बारा वर्षांच्या पोराला तो आवडणारही नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मधेच वाईट शेऱ्यांचा ढीग दिसतो, तो का?

तो सप्टेंबर २०१७ चा. एका बड्या यूट्यूबरने थेट प्रक्षेपणात वर्णद्वेषी शिवी दिली, त्यावर कॅम्पो सँटोने त्याचा 'फायरवॉच'चा व्हिडिओ कॉपीराइटच्या आधारे उतरवायला लावला. चिडलेल्या चाहत्यांनी गेमवर नकारात्मक शेऱ्यांचा मारा केला. त्याच महिन्यात स्टीमने शेऱ्यांचा तारीखवार आलेख दाखवायला सुरुवात केली. तेवढा उंचवटा सोडून बाकीचे शेरे वाचा. त्यांतली खरी तक्रार एकच, शेवटाची. ती पुढे आहे.

(इथून पुढे गोष्ट फुटते.) एवढं रहस्य वाढवून शेवट असा फुसका का?

मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. कुंपण घातलेलं संशोधन केंद्र, आपल्याच संभाषणांच्या लिखित प्रती, तोडलेली तार. आपण सरकारी कट शोधत असतो आणि निघतं काय, तर नेड गुडविन नावाचा एक बाप. हेन्रीच्याच मनोऱ्यावर तो पूर्वी कामाला होता, नियम मोडून मुलाला, ब्रायनला, सोबत घेऊन आलेला. गुहेत दोराने चढण्याच्या नादात ब्रायन पडून मेला. नेड घरी परतलाच नाही. जंगलातच लपून राहिला आणि कुणी त्या गुहेपाशी जाऊ नये म्हणून हेन्री-डिलायलाला घाबरवत राहिला. ते 'वापिटी' केंद्र एल्क हरणांच्या अभ्यासाचं, वापिटी म्हणजेच एल्क. नावातच उत्तर होतं, कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या खेपेला लक्षात आलं की कट आपणच रचत होतो. हेन्रीला घरचा विचार नको होता, डिलायलाला तिच्या जुन्या चुकीचा. मुलगा मनोऱ्यावर आहे हे तिला ठाऊक होतं आणि तिने कुणाला कळवलं नव्हतं. दोघांनाही एक मोठं, बाहेरचं संकट हवंच होतं. नेड तर त्यांच्याहून एक पाऊल पुढे गेलेला हेन्रीच आहे, कायमचा पळालेला.

तरीही पटकथेला पूर्ण गुण देणार नाही. साठाव्या दिवसानंतर गोष्ट धावत सुटते. नेडने सगळं टेपवर बोलून ठेवलंय आणि ती टेप आपल्याला आयती मिळते, हा आळस आहे. जो गेम चार तास सगळं चालत चालत शोधायला लावतो, त्याने शेवटी एवढं पुडीत बांधून हातात द्यायला नको होतं.

डिलायला थांबत का नाही?

७९ व्या दिवशी आग सगळीकडून येत असताना हेन्री तिच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि ती आधीच्या हेलिकॉप्टरने निघून गेलेली असते. रिकामी खोली, तिचं सामान, आणि तिथल्याच रेडिओवर तिच्याशी शेवटचं बोलणं. तुम्ही कितीही लाडीगोडी लावली असली तरी. यावर भांडणं होतात. माझं म्हणणं असं, की ती थांबली असती तर गेम खोटा पडला असता. दोघांचं जे काही होतं ते आवाजापुरतंच होतं, आणि तिला तेवढंच झेपणारं होतं.

पुन्हा खेळण्यासारखं काही उरतं का? आणि पुढचा भाग?

सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी मोकळं भटकण्याची सोय दिली, दिवस-रात्र आपसूक बदलतात, कथा मागे लागत नाही. करणाऱ्यांच्या तोंडून गेम कसा घडला ते ऐकवणारी ध्वनिसहलही आहे, ती चुकवू नका. पुढचा भाग नाही. त्यांनी इजिप्तमधल्या एका नव्या गेमची घोषणा केली होती, पण एप्रिल २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने कंपनीच विकत घेतली आणि तो गेम बाजूला पडला.

शेजारी कुणी नुसतं बघत बसलं तर कंटाळेल का?

माझी आई दुसऱ्या खेपेला दोन संध्याकाळी शेजारी बसली होती, मटार सोलत. इंग्रजी तिला फार कळत नाही, मी थोडं थोडं सांगत होते. पहिला अर्धा तास तिचा एकच प्रश्न, "अगं, तिथे पाऊस कधी येणार?" मी म्हटलं, तिथे पाऊस नाही, बर्फ पडतं, तेही सप्टेंबरात. "मग तोवर हा असाच बघत बसणार?" मग ती बाई कधी दिसणार, हे विचारून झालं. मध्येच वाटेत एक कासव सापडतं, ते उचलून मनोऱ्यावर ठेवता येतं, त्याला नाव देता येतं. ते आईला फार आवडलं. त्यानंतर मी बाहेर फिरत असले की ती म्हणायची, जा बघून ये.

शेवटी हेलिकॉप्टर उडालं, खाली सगळा धूर. मी डोळे पुसत होते. आई म्हणाली, "आणि कासव?"

तिसऱ्या खेपेला ते मला वाटेत दिसलं, तेव्हा मी उचललं नाही. होतं तिथेच राहू दिलं.